क्रौर्यालाही साथ लागते

कुठलीही भीषण बातमी आली की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतंच, "शेवटी माणूस म्हणजे जनावर." आणि पुरात, भूकंपात अनोळखी माणसं जिवावर उदार होऊन मदतीला धावली की तोच माणूस म्हणतो, "माणुसकी अजून जिवंत आहे म्हणायची." ही दोन्ही वाक्यं मला फार वर्षं खटकत आली आहेत. पहिल्यात जनावरांवर अन्याय आहे. दुसऱ्यात माणुसकी शेवटच्या घटका मोजतेय असंच गृहीत धरलेलं आहे.

वाद जुना आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय टाळायचा तर दंड हाती घेतलेला राजा हवा, असं कौटिल्याने सांगितलं. चीनमध्ये मेन्सियस हा तत्त्वज्ञ म्हणाला, विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं, म्हणजे चांगुलपणाचा अंकुर आतच आहे. त्याच्यानंतर आलेल्या शुन्झीने ठणकावलं, माणसाची प्रकृती वाईटच, चांगुलपणा कष्टाने कमवावा लागतो. यादवीत होरपळलेल्या इंग्लंडच्या हॉब्जने १६५१ साली लिहिलं की सत्तेचा धाक नसेल तर प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध. रूसोने १७५५ साली त्याच्या नेमकं उलट मांडलं. सायबेरियाच्या थंडीत प्राण्यांचे कळप पाहिलेल्या क्रोपोटकिनने १९०२ मध्ये परस्पर साहाय्याची बाजू घेतली. प्रत्येकाकडे पुरावे होते आणि प्रत्येकाचे पुरावे खरेही होते.

मला अडचण वाटते ती वेगळीच. या वादात क्रौर्य एका टोकाला आणि सहकार्य दुसऱ्या टोकाला बसवलेलं असतं. माणूस जितका एकमेकांना धरून राहणारा, तितका तो कमी क्रूर, असा त्यातला हिशोब. तो हिशोब मला कधीच जमला नाही. इतिहासातली सगळ्यात मोठी क्रौर्यं एकट्या माथेफिरूंनी केलेली नाहीत. ती माणसांनी एकमेकांना भरभक्कम साथ देऊन, कामं वाटून घेऊन, सोबत्याला एकटं पडू न देता केलेली आहेत.

हाडांपासून सुरुवात करते. केनियात तुर्काना सरोवराजवळ नातारुक नावाची जागा आहे. तिथे किमान २७ माणसांचे अवशेष सापडले, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे. संशोधकांनी २०१६ साली ते जगापुढे मांडले. फुटलेल्या कवट्या, मोडलेले गुडघे, हाडांत रुतलेली दगडी पाती. त्यात एक बाई होती, दिवस भरत आलेली. हाडांच्या ठेवणीवरून तिचे हात बांधलेले असावेत असं वाटतं. आता इराकच्या कुर्दिस्तानातली शानिदार गुहा बघा. पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांना १९५७ साली तिथे एका निअँडरथल पुरुषाचा, म्हणजे माणसाच्या नामशेष झालेल्या भाऊबंदांपैकी एकाचा, सांगाडा मिळाला. डाव्या डोळ्याची खोबण लहानपणी किंवा तरुणपणी चिरडलेली, उजवा हात वाळलेला आणि कोपरापासून पुढे नसलेला, पाय अधू, कानांत हाड वाढल्यामुळे ऐकूही कमी येत असावं. असा माणूस शिकार करू शकत नाही, धोका आला तर पळू शकत नाही. तरी तो या जखमांनंतर बरीच वर्षं जगला. कुणीतरी त्याला जगवलं. तेही वर्षानुवर्षं, दररोज.

ही दोन उदाहरणं बहुधा एकमेकांविरुद्ध उभी केली जातात. मला त्यांतलं साम्य जास्त जाणवतं. नातारुकला आलेले लोक टोळीने आले होते. कुणी हत्यारं घडवली असतील, कुणी वाट दाखवली असेल, कुणी घेराव धरला असेल. हल्ला करून परतताना त्यांच्यातला कुणी जखमी झाला असेल तर त्याला खांद्यावर घेऊनच ते गेले असतील. शानिदारच्या त्या माणसाला सांभाळणारं मन आणि हे मन, यांच्यात जातीचा फरक आहे असं मला वाटत नाही.

माझ्या भाचीची मुलगी दीड वर्षाची असताना मी काही दिवस तिच्या सहवासात होते. एकदा माझा चष्मा हातातून निसटून पलंगाखाली गेला. मी वाकून चाचपडत होते. ती खेळ सोडून आली, सरळ पोटावर झोपली, हात आत घालून चष्मा ओढून काढला आणि मला दिला. देताना तिचं लक्ष चष्म्याकडे नव्हतं, माझ्या चेहऱ्याकडे होतं. कुणी तिला सांगितलं नव्हतं, शाबासकीची तिला सवयही नसावी. त्याच संध्याकाळी शेजारचं एक मूल माझ्या मांडीवर येऊन बसलं, तर हीच पोर तीरासारखी आली आणि दोन्ही हातांनी त्याला ढकलून दिलं. ते पडलं, रडलं, तरी ती जराही विरघळली नाही. माझी जागा बळकावणाऱ्या परक्याला तिने दूर केलं होतं, आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं.

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी त्या चष्म्यासारखाच आहे. मोठा माणूस कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा पडतो आणि तो त्याच्या हाताला लागत नाही. दीड वर्षाची मुलं उठून तो देतात. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी अशी मदत केली. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुलं सहसा उठत नाहीत. म्हणजे समोरच्याची अडचण त्यांना कळते.

आणि मांडीवरून ढकलणं? त्याची मोठी आवृत्ती मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांत दाखवली. पडद्यावरचे ठिपके अंदाजाने मोजायला लावून मुलांना सांगितलं, तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला. खरं तर ती वाटणी नुसती सोडतीने केलेली होती. गटातलं दुसरं कोण हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, आपल्या गटाला एकूण थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्या दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळायला हवेत, अशी निवडही अनेकदा केली. हा प्रयोग वाचला की मला दर वेळी पोटात गोळा येतो. वैर नाही, जुना हिशोब नाही, ओळखदेखील नाही. नुसते ठिपके.

"माणूस म्हणजे जनावर" हे वाक्य खटकतं त्याचं कारणही इथे सांगून टाकते. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम आक्रमकतेचे दोन प्रकार वेगळे करतात. एक तापट, डोकं फिरलं की हात उगारणारी. दुसरी थंड डोक्याची, ठरवून केलेली. पहिल्या प्रकारात आपण चिंपांझींपेक्षा खूपच मवाळ आहोत. अनोळखी माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीत तासन्‌तास उभे राहतो आणि बहुतेकदा कुणाला बोटही लावत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र आपला हात धरणारं कुणी नाही. टांझानियातल्या गोम्बेमध्ये, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या केंद्रातल्या निरीक्षकांनी नोंदवल्याप्रमाणे, १९७४ ते १९७८ या काळात चिंपांझींच्या एका टोळीने फुटून निघालेल्या दुसऱ्या टोळीचा एकेक नर एकटा गाठून संपवला. मुकाट्याने, रांगेने, एकमेकांच्या साथीने ते हद्द ओलांडून जात. आपल्या क्रौर्याचं मूळ शोधायचंच असेल तर ते रागात सापडणार नाही. ते त्या शिस्तबद्ध रांगेत शोधायला हवं.

आता जी घटना मला सगळ्यात जास्त छळते तिच्याकडे येते.

१३ जुलै १९४२ची पहाट. पोलंडमधलं युझेफुफ हे छोटं गाव. गावाबाहेर जर्मनीच्या राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन उभी आहे, जवळपास ५०० माणसं. कट्टर नाझी म्हणून निवडलेली ही माणसं नाहीत. बहुतेक हॅम्बुर्गकडची, मध्यमवयीन, गोदीत काम करणारी, ट्रक चालवणारी, कारकून, बायकामुलं असलेली. त्यांचा मेजर विल्हेल्म ट्राप. त्याची माणसं त्याला प्रेमाने 'पापा ट्राप' म्हणत. ट्रापचा आवाज कापतोय, डोळ्यांत पाणी आहे. तो सांगतो की गावातल्या ज्यूंना गोळा करायचंय, कामाजोगे पुरुष वेगळे काढायचेत आणि बाकी बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्यात. मग तो एक विलक्षण गोष्ट बोलतो. वयस्कर लोकांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावं, त्यांना दुसरं काम दिलं जाईल.

एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर खेकसायला लागला. ट्रापने कॅप्टनला गप्प केलं आणि त्या माणसाला आपल्या पाठीशी घेतलं. ते पाहून आणखी दहा-बारा जण पुढे आले. बस्स. बाकीचे जागचे हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी सुमारे १,५०० माणसं मारली, एकेकाला समोरासमोर, जंगलात. दिवसभरात आणखी काहींनी अंग काढून घेतलं, तरी ज्यांच्या हाती बंदूक दिली त्यांतल्या किमान ऐंशी टक्के जणांनी काम पुरं केलं.

क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने युद्धानंतरच्या चौकशीतल्या त्यांच्या जबान्या वाचल्या. नकार देणाऱ्याला गोळी घातली, तुरुंगात टाकलं, असं एकही उदाहरण मिळत नाही. मग का नाही पुढे आले? अनेकांच्या बोलण्यात जे येतं ते वाचताना माझे हात गार पडतात. सोबत्यांसमोर भेकड ठरायचं नव्हतं. आपण बाजूला झालो तर ते घाणेरडं काम आपल्या सोबत्यांच्या वाट्याला गेलं असतं, आणि ते त्यांना बरं दिसलं नाही. म्हणजे ज्या भावनेने माणूस सोबत्याचं ओझं उचलतो, पुरात दोर धरतो, शेवटचा घोट वाटून पितो, त्याच भावनेने त्यांना त्या रांगेत उभं ठेवलं. आणि जे बाहेर पडले त्यांच्यापैकीही बहुतेकांनी "हे चूक आहे" असं म्हटलं नाही. "मी कच्च्या मनाचा आहे" असं म्हटलं. दोषही स्वतःवर घेतला, म्हणजे बाकीच्यांना टोचू नये.

इतक्या भयंकर गोष्टीशेजारी घरातली गोष्ट सांगायला मन कचरतं. पण ही यंत्रणा छोट्या प्रमाणात कशी चालते ते मी स्वतः पाहिलंय. मी शाळकरी असताना आजोबा अतिदक्षता विभागात होते आणि आईबरोबर मी रात्री बाहेरच्या व्हरांड्यात असायची. त्या व्हरांड्यात आठवड्याभरात एक कुटुंबच तयार झालं होतं. कुणाचा डबा कुणी खायचं, कुणाच्या औषधांची चिठ्ठी घेऊन कुणी पळायचं. एका धिप्पाड गृहस्थांनी स्वतःची चादर माझ्या अंगावर घातली होती आणि स्वतः रात्रभर कुडकुडत बसले होते. मग एका पहाटे एका बाईंची पैशांची पिशवी सापडेना. औषधांचे पैसे होते. पाच मिनिटांत सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या एका तरुणाकडे वळल्या. तो एकटा होता, कमी बोलायचा, त्याच्या माणसाला भेटायला कुणी येत नसे. त्याला घेरलं गेलं. सगळ्यात पुढे तेच चादरवाले गृहस्थ. त्यांनी त्याची कॉलर धरली होती आणि त्यांचा आवाज त्या बाईंसाठी खरोखर भरून आलेला होता.

एक म्हातारी उठली. तिने कुणाला उपदेश केला नाही. ती त्या मुलाच्या आणि त्या गृहस्थांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "परवा रात्री माझ्या मालकांसाठी रक्त आणायला हाच गेला होता. आधी माझी पिशवी तपासा, मग त्याची." क्षणभर कुणाला काही सुचेना. मग मागून एक पुरुष म्हणाला, "हो, माझीही बघा." कॉलरवरचा हात सुटला. पैसे मिळाले की नाही मला माहीत नाही. त्याच सकाळी आजोबांना दुसरीकडे हलवलं. पण तो दुसरा आवाज माझ्या कानात राहिला. म्हातारी मध्ये आली तेव्हा घेराव थबकला होता. तुटला तो त्या पुरुषाच्या आवाजाने.

पुढे स्टॅन्ली मिलग्रम यांचे प्रयोग वाचताना मला तो आवाज पुन्हा भेटला. प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेला, समोरच्याने उत्तर चुकवलं की प्रयोग घेणाऱ्याच्या हुकुमावरून विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढवत न्यायचा. झटके खोटे, पण देणाऱ्याला ते ठाऊक नाही. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा मान हलवत सांगितला जातो आणि गोष्ट तिथेच संपवली जाते. मिलग्रमने मात्र प्रयोगाच्या पुष्कळ आवृत्त्या केल्या होत्या. एकीत झटके देणाऱ्याच्या बाजूला आणखी दोघे बसवले आणि मध्येच त्या दोघांनी पुढे जायला नकार दिला. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी ४ जण. माणसं तशीच, बटणं तीच, हुकूम तोच. शेजारी कोण बसलंय एवढंच बदललं होतं. सोबतच क्रौर्याकडे नेते आणि सोबतच त्यातून बाहेर काढते, याचा याहून उघड पुरावा मला माहीत नाही.

मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या मुलांच्या शिबिराचंही असंच झालं. १९५४ साली ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट करून त्यांच्यात कसं हाडवैर पेटलं, ही कथा पाठ्यपुस्तकांत असते. त्याच्या आदल्या वर्षीचा फसलेला प्रयत्न क्वचित सांगितला जातो. त्या वेळी मुलांना गट पाडण्याआधी एकमेकांशी ओळख करून घेऊ दिली होती. मग कितीही कळ लावली तरी ती भांडेनात. उलट हे मोठ्या माणसांचंच काम असावं असा संशय त्यांना आला. पुढच्या वर्षी शेरीफ यांनी काळजी घेतली: सुरुवातीचे दिवस दोन्ही गटांना एकमेकांचा पत्ताच लागू दिला नाही.

म्हणून "माणूस मुळातच दुष्ट" हे मत मला नुसतं चुकीचं वाटत नाही, धोक्याचं वाटतं. २००५ साली कतरिना वादळाने अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. आसऱ्याला आलेल्या लोकांमध्ये खून, बलात्कार सुरू आहेत अशा बातम्या जगभर गेल्या. त्यांतल्या बहुतेक पुढे निराधार निघाल्या. पण ३१ ऑगस्टला महापौरांनी सुमारे १,५०० पोलिसांना शोध आणि बचावाचं काम सोडून लुटालूट रोखायला पाठवलं. छपरांवर माणसं अडकलेली असताना. ४ सप्टेंबरला डॅनझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघे गेले, चौघे जखमी झाले. लोक पशू झालेत या समजुतीनेच तिथे माणसं मारली. त्याच शहरात त्याच दिवसांत साधी माणसं आपापल्या होड्या काढून अनोळखी लोकांना छपरांवरून उतरवत होती.

आपण एकमेकांना किती कमी ओळखतो याचा आणखी एक दाखला आहे, यात मात्र आनंदाने हरायला होतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० देशांत, ३५५ शहरांत मिळून १७,०००हून जास्त "हरवलेली" पाकिटं निरनिराळ्या कचेऱ्यांच्या काउंटरवर नेऊन दिली होती. काहींत पैसे, काहींत नाहीत. पैसे असलेली पाकिटं लोक ठेवून घेतील असा बहुतेकांचा होरा होता, आणि जे घडलं त्याचा अंदाज अर्थतज्ज्ञांनाही आला नव्हता. झालं उलट. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल मालकाशी संपर्क साधला गेला सुमारे ४० टक्के वेळा, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. एकत्र वर्गणी काढायच्या प्रयोगांतही दिसतं की सुमारे निम्मी माणसं "तुम्ही देताय तर मीही देतो" अशी असतात. इतर देणार नाहीत असं पटलं की हात आखडतात. दुसऱ्याविषयीचं आपलं मत त्यामुळे नुसतं मत राहत नाही, ते समोरच्याचं वागणं घडवतं.

मग उरतो तो रांगेतून पहिल्यांदा बाहेर पडणारा माणूस. १६ मार्च १९६८ला व्हिएतनाममधल्या मी लाई गावात अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. २४ वर्षांच्या ह्यू थॉम्पसनने आपलं लहानसं हेलिकॉप्टर सैनिक आणि लपलेले गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना, लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा यांना, त्याने सांगितलं की आपली माणसं या लोकांवर गोळ्या झाडायला लागली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. मग दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना बोलावून त्या गावकऱ्यांना बाहेर काढलं. अँड्रिओटा प्रेतांनी भरलेल्या चरात उतरला आणि एक जिवंत मूल उचलून आणलं. तळावर परतल्यावर थॉम्पसनने संतापून तक्रार केली, आणि गोळीबार थांबवायचा आदेश निघाला.

त्याचं पुढे काय झालं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. प्रकरण उघड झाल्यावर आपल्याच लोकांनी त्याला गद्दार ठरवलं. त्याला शिक्षा व्हावी असं अमेरिकन संसदेतला एक बडा सदस्य उघड म्हणाला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, घराच्या दारात मेलेली जनावरं टाकली गेली. ज्या "आपल्यां"साठी जीव द्यायला माणूस तयार असतो, ते आपले रांग मोडणाऱ्याला असंच वागवतात. सैन्याने त्याला शौर्यपदक द्यायचं ठरवलं तेव्हा जवळपास तीस वर्षं उलटली होती. थॉम्पसनने अटी घातल्या: पदक गुपचूप घेणार नाही, वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी सगळ्यांसमोर घेईन, आणि माझ्या दोन्ही साथीदारांनाही मिळालं पाहिजे. अँड्रिओटा त्या घटनेनंतर महिन्याभरातच युद्धात मारला गेला होता. मार्च १९९८ मध्ये पदकं दिली गेली, तिघांनाही.